सहा अक्षरांची निरवानिरव

आर, ई, आय, एस, यू, बी. लिनक्सचा कॉम्प्युटर पुरता हँग झाला, माउसचा बाण हलेना, पडद्यावरचं घड्याळ मिनिटावर अडून बसलं, की ऑल्ट आणि सिस्टिम रिक्वेस्ट ही दोन बटणं धरून ही सहा अक्षरं एकामागून एक दाबायची, प्रत्येकाआधी थोडं थांबायचं. शेवटच्या अक्षराला यंत्र पुन्हा सुरू होतं. माहितीपुस्तिकांत याला एक तक्ता आणि दोन ओळी मिळतात. मी बरीच वर्षं या सहा अक्षरांच्या प्रेमात आहे. त्यातलं कुठलंही अक्षर आहे तिथून हलवून बघावं, म्हणजे ते तिथंच का हवं हे कळतं, आणि असं कळण्यात जो आनंद आहे तो फार थोड्या तांत्रिक गोष्टींत मिळतो.

आधी बटणाविषयी. सिस्टिम रिक्वेस्ट हे बटण आयबीएमचं. १९८४ साली पीसी-एटीबरोबर आलेल्या ८४ बटणांच्या कीबोर्डवर ते होतं. मोठ्या यंत्रांच्या टर्मिनलांवरून ती कल्पना आलेली: समोर चालू असलेल्या कामाला बाजूला ठेवून थेट यंत्रणेशी बोलायचं. पीसीवर त्या बटणाला काम असं मिळालंच नाही. पुढे ते प्रिंट स्क्रीनच्या बटणावर दुसरं नाव म्हणून राहिलं, आणि आजच्या पुष्कळ लॅपटॉपांवर तेवढं नावही छापत नाहीत. १९९७ मध्ये मार्टिन मारेश या चेक प्रोग्रॅमरनं, पावेल माखेक याच्या कल्पनांवरून, लिनक्सच्या कर्नेलात, म्हणजे गाभ्यात, या बेकार बटणाला काम दिलं. ती फाइल आजही कर्नेलात आहे. तिच्या माथ्यावर ही दोन्ही नावं आहेत. खाली २००० सालच्या फेरमांडणीसाठी क्रचर डनावंट याचं आणि २०१० सालच्या बदलासाठी दिमित्री तोरोखोव याचं नाव आहे.

तोरोखोवच्या बदलातली एक बारीक गोष्ट मला सगळ्यात आवडते. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन ही जोडी डेस्कटॉपवर चालू खिडकीचं चित्र घेण्यासाठीही वापरतात. म्हणजे एकाच जोडीवर दोघांचा हक्क. कर्नेल काय करतं? जोडी दाबली की ते ती स्वतःकडे धरून ठेवतं आणि तिसऱ्या अक्षराची वाट बघतं. अक्षर आलं तर हुकूम आपला. काहीच न दाबता बोटं उचलली, तर कर्नेल तीच जोडी नव्यानं दाबल्यासारखी वर डेस्कटॉपकडे पाठवून देतं, आणि खिडकीचं चित्र निघतं. रोज चित्र घेणाऱ्या माणसाला कळतही नाही, की दर वेळी कर्नेलनं क्षणभर कान देऊन, आपलं काम नाही असं पाहून, बटण परत केलं आहे.

हा कान देण्याचा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण सगळी जादू तिथं आहे. कीबोर्डवरचा प्रत्येक ठोका आधी कर्नेलकडे जातो. डेस्कटॉप, ब्राउझर, लिहायचा प्रोग्रॅम हे सगळे नंतरचे. आपण हँग झाला म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा वरची मंडळी गोठलेली असतात, खाली कर्नेल जागं असतं. या हुकमांसाठी ते वरच्या कुणालाही विचारत नाही. कर्नेल स्वतःच जाम झालं असेल तर मात्र ही अक्षरं चालत नाहीत. मग पॉवरचं बटण दाबून धरण्याशिवाय गत्यंतर नाही.

आता क्रमानं.

आर कीबोर्ड सोडवून आणतं. ग्राफिक डेस्कटॉप कीबोर्डचा ताबा घेऊन बसतो आणि गोठल्यावर तो ताबा सोडत नाही. आर दाबलं की कीबोर्ड त्याच्या हातून निघून कर्नेलच्या साध्या पद्धतीवर येतो. कित्येकदा एवढ्यावरच निभावतं: कंट्रोल, ऑल्ट आणि एफ ३ दाबून काळ्या पडद्यावरच्या साध्या कन्सोलवर जाता येतं, अडेल प्रोग्रॅम हातानं बंद करता येतो, आणि पुढची पाच अक्षरं लागतच नाहीत. पहिल्या पायरीवर परत फिरायची वाट ठेवलेली आहे, हे मला फार सुज्ञ वाटतं.

ई म्हणजे विनंती. पहिली प्रक्रिया, म्हणजे इनिट, सोडून सगळ्या चालू प्रोग्रॅमना एकच निरोप जातो: आवरा. हा निरोप ऐकायची सोय ज्यानं ठेवली आहे तो ऐकतो. डेटाबेस आपला हिशेब मिटवतो. विम हा जुना लेखनप्रोग्रॅम न साठवलेला मजकूर नंतर परत मिळेल अशा तऱ्हेनं राखून मग मिटतो. म्हणून ई नंतर लगेच पुढचं अक्षर दाबू नये. पाच-दहा सेकंद थांबावं. ज्यांना आवरायला सांगितलं त्यांना आवरायला वेळ दिला नाही, तर ई दाबण्यात अर्थच राहत नाही.

आय म्हणजे सक्ती. पुन्हा इनिट वगळून सगळ्यांना, पण या वेळी ऐकायचं की नाही हा प्रश्नच नाही. हा संकेत कुठल्याही प्रोग्रॅमला अडवता येत नाही. तरीही, डिस्कच्या उत्तराची वाट बघत कर्नेलच्या आतच अडकलेली एखादी प्रक्रिया असली, तर ती आयलाही मरत नाही. खराब होत आलेल्या डिस्कवर हे हमखास दिसतं.

एस हे सहांतलं सगळ्यात मोलाचं अक्षर. आपण ‘सेव्ह’ म्हटलं की मजकूर डिस्कवर गेला असं आपण समजतो. तो बऱ्याचदा आधी मेमरीत थांबलेला असतो. लिनक्स अशी पानं साधारण ३० सेकंदांपर्यंत मेमरीत राहू देतं, आणि दर ५ सेकंदांनी कुणाची मुदत भरली ते बघतं. यंत्र वेगवान वाटतं ते यामुळे, आणि लाइट गेली की शेवटचा परिच्छेद जातो तोही यामुळे. डहाणूत पावसाळ्यातल्या संध्याकाळी लिहायला बसणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. एस म्हणजे मेमरीत जे काही डिस्कवर जायचं राहिलं आहे ते आत्ता लिही. अडचण एकच: हुकूम दिला म्हणजे काम झालं असं नाही. कर्नेल तो हुकूम कामाच्या रांगेत टाकतं, आणि पुरं झाल्याचा निरोप ज्या पडद्यावर देतं तो तर गोठलेला. अशा वेळी कॅबिनेटवरचा डिस्कचा छोटा दिवा बघावा. एस दाबल्यावर तो भराभर लुकलुकतो, मग लुकलुकणं विरळ होतं, मग थांबतं. तो थांबल्यावर पुढचं अक्षर.

यू सगळ्या फाइल-व्यवस्था फक्त वाचण्यापुरत्या करून ठेवतं. आता कुणीही काही लिहू शकत नाही. डिस्कवर ‘नीट बंद केली’ अशी नोंद राहते. ज्यांनी ईएक्सटी-२ चा काळ पाहिला आहे त्यांना याची किंमत माहीत आहे: तेव्हा लाइट गेली की पुढच्या वेळी सुरू होताना सबंध डिस्क तपासली जायची, आणि डिस्क मोठी असेल तर चहा होऊन जायचा. २००१ मध्ये ईएक्सटी-३ आली, तिच्यात लिहिण्याची रोजनिशी ठेवायची सोय आली, आणि ही तपासणी क्षणावर आली. यूची गरज थोडी कमी झाली, संपली नाही.

आणि बी. यात कसलाही उपचार नाही. साठवत नाही, विचारत नाही, मिटवत नाही. त्याच क्षणी यंत्र पुन्हा सुरू करतं. एकटं बी दाबणं आणि रिसेटचं बटण दाबणं यात काही फरक नाही. आधीच्या पाच अक्षरांनी सगळं करून ठेवलं आहे, म्हणून याला इतकं कोरडं राहता येतं.

आता अक्षरांची जागा बदलून पाहा. एस आधी आणि ई नंतर घेतलं, तर आवरता आवरता प्रोग्रॅमनी जे शेवटचं लिहिलं ते पुन्हा मेमरीतच राहणार. यू आधी घेतलं, तर ई ऐकून मजकूर राखू पाहणाऱ्या विमला डिस्कचं दार बंद मिळणार. आय आधी घेतलं, तर ईला ऐकणारं कुणी उरणारच नाही. विनंती, मग सक्ती, मग साठवण, मग कुलूप, मग निघणं: याशिवाय दुसरा क्रम बसत नाही. घाईतसुद्धा नीट निरवानिरव करून निघायचं, हा या रचनेचा स्वभाव आहे.

इंग्रजीत ही अक्षरं लक्षात ठेवायला हत्ती पाळण्याविषयीचं एक वाक्य चालतं. मराठीत त्याहून सरळ जमतं: रोखलेला कीबोर्ड सोडव, एकेकाला सांग, इतरांना हुसकाव, साठव, उतरव, बूट. र, ए, इ, सा, उ, बू. शिकवताना मी हेच सांगतो आणि ते पहिल्याच दिवशी तोंडी बसतं.

सहांच्या आधी एक सातवं अक्षरही माहीत असायला हवं, ते म्हणजे एफ. जुन्या, कमी मेमरीच्या यंत्रावर हँग होण्याचं कारण बहुधा ब्राउझर असतो. मेमरी संपते, यंत्र डिस्कवर ये-जा करत बसतं, आणि सगळंच ठप्प. एफ कर्नेलला सांगतं, की सगळ्यात जास्त मेमरी अडवून बसलेला एकच प्रोग्रॅम काढ. कर्नेल त्यासाठी प्रत्येकाला गुण देतं, आणि क्रोमसारखे ब्राउझर आपल्या एकेका टॅबचे गुण मुद्दाम वाढवून ठेवतात, म्हणजे गेलाच तर टॅब जावा. एक टॅब जातो, लिहीत असलेला मजकूर जागच्या जागी राहतो. लिनक्सच्या फेडोरा या आवृत्तीत २०२० पासून आणि पुढे उबुंटूत मेमरी भरत आली की आपोआप असं करणारी सोयही आली आहे. तरी माझं बोट सहा अक्षरांकडे जाण्याआधी एफकडे जातं.

इथपर्यंत रचनेचं सौंदर्य झालं. पण ही अक्षरं आपल्या यंत्रावर चालतात का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका आकड्यात असतं. तो आकडा म्हणजे परवानग्यांची बेरीज. आर साठी ४. ई, आय आणि एफ यांच्यासाठी मिळून ६४. एस साठी १६. यू साठी ३२. बी साठी १२८. शिवाय कन्सोलवरच्या संदेशांची पातळी बदलण्यासाठी २, तपासणीच्या याद्या काढण्यासाठी ८, आणि आणखी एका कामासाठी २५६. शून्य म्हणजे सगळं बंद. शून्य सोडता हे सगळे दोनाचे घात, त्यामुळे कुठल्याही बेरजेची फोड एकाच तऱ्हेनं होते. कुणी १७६ लिहिलं असेल तर १२८, ३२ आणि १६ खेरीज दुसरं काही त्यात असूच शकत नाही.

उबुंटू हाच १७६ देते. म्हणजे एस, यू, बी चालतात. आर, ई, आय, एफ बंद. डेबियन ४३८ देते. फोड करून बघा: २५६, १२८, ३२, १६, ४ आणि २. यात ६४ नाही. म्हणजे आर चालतं, पण ई आणि आय चालत नाहीत. फेडोराच्या मूळ आकड्यात, म्हणजे १६ मध्ये, फक्त साठवण आहे. सहा अक्षरं पाठ असलेला माणूस उबुंटूवर ती मोठ्या विश्वासानं दाबतो, यंत्र पुन्हा सुरू होतं, आणि त्याला वाटतं सगळं यथासांग झालं. प्रत्यक्षात पहिल्या तिन्ही अक्षरांना कुणी दाद दिलेली नसते.

मग सगळीकडे ६४ का देत नाहीत? कारण कीबोर्डला मालक ओळखता येत नाही. ई आणि आय सगळे प्रोग्रॅम बंद करतात, त्यात पडदा कुलूपबंद करणारा प्रोग्रॅमही आला. एफनंही तो जाऊ शकतो. ज्या टेबलाजवळ कुणीही येऊन बसतं तिथं ही परवानगी म्हणजे कुलपावर मारायला दिलेला दगड. तलासरीच्या बाजूला एका शाळेत जुन्या यंत्रांवर लिनक्स घालून देताना हाच प्रश्न समोर होता. तिथं एकेका यंत्रावर दिवसभरात वेगवेगळी मुलं बसतात, आणि मुलांना बटणं दाबून बघायची असतात. ती दाबून बघावीतच. तिथं १७६ ठेवला: यंत्र अडकलं तर साठवून, कुलूप लावून पुन्हा सुरू करता यावं, बाकी काही नको. घरी, जिथं मीच बसतो, तिथं २४४. चार, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. सहाही अक्षरं, एफसुद्धा. आकडा ठरवताना यंत्राकडे बघून चालत नाही. त्या खुर्चीत कोण बसतं हे बघावं लागतं.

आणि तो आधीच ठरवावा लागतो. डहाणू-तलासरीच्या पट्ट्यातल्या माणसांना हे समजावून सांगावं लागत नाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी, तलासरी या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, २०१९ मध्ये चारच्या वरचेही बसले, आणि त्या थंडीत कित्येक कुटुंबं रात्री घराबाहेर झोपली. गॅस कुणी बंद करायचा, म्हाताऱ्यांना कुणी धरायचं, मुलांना घेऊन कुठल्या दारानं निघायचं, हे घराघरांत बोलून ठरलं, कारण जमीन हलायला लागल्यावर ठरवायला वेळ नसतो. यंत्र गोठल्यावरही परवानगीचा आकडा बदलायची वेळ टळून गेलेली असते. तो बदलायला टर्मिनल लागतं, आणि टर्मिनलच तर उघडत नाही.

तेव्हा आजच करावं. ईटीसी फोल्डरात सिससीटीएल डॉट डी नावाचा फोल्डर आहे. त्यात ९० ने सुरू होणाऱ्या नावाची, शेवटी डॉट कॉन्फ असलेली एक फाइल करायची आणि तिच्यात एकच ओळ लिहायची: कर्नेल डॉट सिसआरक्यू, बरोबरचं चिन्ह, आकडा. आकडा अर्थातच इंग्रजी अंकांत. ९० अशासाठी, की या फोल्डरातल्या फाइली नावाच्या क्रमानं वाचल्या जातात आणि शेवटच्या फाइलीचा शब्द चालतो. उबुंटूची स्वतःची फाइल १० ने सुरू होते.

मराठीत लिहिणाऱ्याला एक शंका येते. मी इनस्क्रिप्टमध्ये टाइप करतो आहे, कीबोर्ड मराठीवर आहे, आणि त्याच वेळी यंत्र अडकलं. मग आर कुठलं? उत्तर छान आहे. कर्नेल हे हुकूम ऐकताना भाषेपर्यंत जातच नाही. बटण कुठल्या जागेचं आहे एवढंच ते बघतं. इनस्क्रिप्टवर त्याच जागा दीर्घ वेलांटी, काना, ग, एक मात्रा, ह आणि व यांच्या आहेत. पडद्यावर मराठी असो, इंग्रजी असो, तीच सहा बटणं. बोटांना जागा माहीत असल्या की पुरे.

या रचनेत मला खटकणाऱ्या जागाही आहेत. एक म्हणजे आकड्यातला १. बाकी सगळे आकडे एकेक परवानगी देतात, आणि १ लिहिला की सगळ्याच मिळतात. इतक्या स्वच्छ गणितात हा अपवाद बोचतो, आणि घाईत ‘१ लिहून टाका’ असा सल्ला देणाऱ्यांचं फावतं ते वेगळंच. दुसरं, एफला ई आणि आय यांच्याच टोपलीत घातलं आहे. मेमरी अडवणाऱ्या एकाला काढायची परवानगी हवी आणि सगळ्यांना काढायची नको, असं म्हणताच येत नाही. शाळेसाठी मला नेमकं तेच हवं होतं. तिसरी गोष्ट अधिक धोक्याची. कीबोर्डवर यू, आय आणि ओ ही बटणं शेजारी शेजारी आहेत. ओ म्हणजे तडक बंद, काहीही न साठवता, आणि त्याला १२८ चीच परवानगी पुरते. आय दाबताना बोट अर्धा इंच उजवीकडे सरकलं, की साठवण व्हायच्या आधीच यंत्र बंद. इतक्या विचारानं लावलेल्या क्रमाच्या मध्यावर हा खड्डा आहे. आयला मी मुद्दाम कीबोर्डकडे बघून बोट ठेवतो.

याच्या उलट टोकाची एक सोय सिस्टिमडी या आजच्या इनिट-प्रोग्रॅमात आहे: साध्या कन्सोलवर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबलं, की ते माणूस वैतागला आहे असं धरतं आणि लगेच पुन्हा सुरू होतं. उपयोगी आहे. पण तिथं उलगडून बघायला काही नाही.

बटण दाबायच्या पद्धतीविषयीही सांगायला हवं, कारण पुष्कळ लोक इथंच सोडून देतात. स्वस्त कीबोर्ड एका वेळी तीन बटणं ओळखतातच असं नाही. तेव्हा ऑल्ट धरा, सिस्टिम रिक्वेस्ट दाबा आणि सोडा, ऑल्ट धरलेलाच ठेवून अक्षर दाबा. लॅपटॉपवर मध्ये एफएन धरावं लागतं, आणि काही लॅपटॉपांवर हे बटण नाहीच. अशा यंत्रासाठी, किंवा कीबोर्डच गेला असेल तर, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचनं आत शिरून, प्रोक फोल्डरातल्या सिसआरक्यू-ट्रिगर या फाइलीत तेच अक्षर लिहिता येतं. तिथं आकड्याची परवानगी विचारली जात नाही. रूटचा अधिकार असला की झालं. शाळेत शिक्षकांच्या टेबलावरच्या यंत्रावरून हे करता येतं, आणि मुलांच्या यंत्रांवर १७६ ठेवताना मला त्याचाच धीर होता.

सगळं जुळलं आहे का हे बघायला हँग होण्याची वाट बघावी लागत नाही. एस निरुपद्रवी आहे, चालू कामात केव्हाही दाबता येतं. दाबा, आणि मग टर्मिनलवर सुडोसकट डीमेसजी हा कर्नेलच्या नोंदी दाखवणारा हुकूम चालवून शेवटच्या ओळी बघा. तातडीची साठवण झाल्याची नोंद दिसली तर कान उघडे आहेत. हे काम बंद केलेलं आहे अशी ओळ दिसली, तर बटण पोचतं आहे, आकडा चुकला आहे. आणि काहीच दिसलं नाही, तर अडचण कीबोर्डात आहे: एफएन धरून बघा, बटणं सोडण्याचा क्रम बदलून बघा, बाहेरचा कीबोर्ड लावून बघा, आणि ज्या रीतीनं ती ओळ उमटली ती रीत बोटांना लावून घ्या.